लोर्ना व्हरहेगनची जागा

लेडेन फॉल्स गावात शिरताना फॉक्स नदीवरचा पूल ओलांडला, की डाव्या हाताला बर्डॉक कार्टनचा कारखाना लागतो. २०११च्या उन्हाळ्यात त्याच्या कुंपणावर एक भलाथोरला फलक उभा राहिला. त्यावर लोर्ना व्हरहेगनचा बारा फुटी फोटो: लष्करी गणवेश, टोपी, मागे फडकणारा झेंडा. खाली हातभर अक्षरं, 'आमची शूर सैनिक, आमचा अभिमान.' पुलावरून जाणारे ट्रकवाले हॉर्न वाजवून सलाम ठोकायचे. आणि नेमकी त्याच वेळी, त्या फलकापासून शंभर पावलांवर, खरीखुरी पाच फूट तीन इंचांची लोर्ना गोदामाशेजारच्या बिनखिडकीच्या खोलीत बसून कंपनीच्या नाताळच्या सजावटीची यादी करत असायची. चांदण्या किती, घंटा किती, सांताक्लॉज किती, आणि त्यातले मुंडकं उडालेले किती.

ही बाई त्या खोलीत कशी पोचली, ते सांगायला हवं.

लोर्नाचे वडील ऑर्व्हिल हे जन्मभर कागदाच्या गिरणीत राबलेले. नदीच्या काठावरच्या प्रत्येक घरात एक तरी माणूस गिरणीत असायचाच. लोर्नाने एकोणिसाव्या वर्षी नॅशनल गार्डमध्ये, म्हणजे लष्कराच्या अर्धवेळ राखीव दलात, नाव घातलं. महिन्यातला एक शनिवार-रविवार कवायत, उन्हाळ्यात दोन आठवडे तळावर, आणि सरकारने बोलावलं तर समुद्रापलीकडे. त्याच्या बदल्यात कॉलेजची फी माफ होणार होती. कॉलेज काही झालं नाही, पण गार्ड टिकलं. मधे लग्नही झालं. नवऱ्याला बायकोचं महिन्यातून दोन दिवस घराबाहेर असणं सोसवलं नाही. तो स्वतः मात्र एका जानेवारीत मासेमारीला म्हणून गोठलेल्या तळ्यावर गेला, तो थेट दुलूथ शहरात जाऊन राहिला. लोर्नाने त्याचे बूट दाराबाहेर ठेवले आणि कुलूप बदललं. त्यावर एवढंच.

कारखान्यात तिचं चित्त रमायचं ते मोठ्या मशीनवर. पन्हळी पुठ्ठा करायचं ते मशीन जवळजवळ फुटबॉलच्या मैदानाएवढं लांब. एका टोकाला कागदाची रिळं चढायची, मधे वाफ आणि मक्याच्या पिठाची खळ, दुसऱ्या टोकाला कापलेला पुठ्ठा. लोर्ना खळीत बोट बुडवून सांगायची, "पातळ झालीय, बॉयलर बघा." मशीनचा सूर जरा उतरला तरी हातातला डबा खाली ठेवून उठायची. पंधरा वर्षं तिथे घासल्यावर तिला दिवसाच्या शिफ्टची सुपरवायझर केलं. हाताखाली बावीस माणसं. त्यातली अर्धी तिला घाबरायची आणि उरलेली तसं कबूल करायची नाहीत.

२०१०च्या सप्टेंबरात तिच्या तुकडीला कुवेतला जायचा हुकूम आला. कारखान्याचा मॅनेजर क्रेग डिट्मर याने निरोपाचा केक आणवला. केकवर साखरेचा रणगाडा होता. क्रेग म्हणजे काय वर्णावा! पांढरे शुभ्र दात, कोटाच्या कॉलरला झेंड्याची पिन, आणि स्वतः कधी शाळेच्या बँडमध्येही कूच न केलेला गडी. त्याने केक कापता कापता गळा दाटून आणला.

"लोर्ना, तुझी जागा ही तुझीच. परत येशील तेव्हा तशीच्या तशी मिळेल. ही कंपनी जवानांना विसरत नाही."

बावीस जणांनी टाळ्या वाजवल्या. लोर्नाला रणगाड्याचा तुकडा मिळाला. कुवेतमध्ये तिला रणगाडा कसला दिसतोय! तिचं काम पाणी शुद्ध करायचं. अकरा महिने तिने वाळवंटात पंप, गाळण्या आणि क्लोरिन सांभाळलं. बंदूक जवळ असायची, पण उन्हाळ्यात छत्री असावी तशी. तिच्या पाण्याने एकाही माणसाचं पोट बिघडलं नाही, याचा तिला अभिमान होता. तो अभिमान फलकावर लिहिण्याजोगा नव्हता, एवढंच.

ऑगस्टमध्ये ती परतली. दोन आठवडे वडिलांच्या ओसरीत बसून मक्याची कणसं खाल्ली, आणि तिसऱ्या सोमवारी सकाळी क्रेगच्या खोलीत हजर झाली.

"ये, ये, आमची वाघीण!" क्रेग खुर्चीतून अर्धवट उठला. "बस. कॉफी?"

"कॉफी नको. उद्यापासून शिफ्टवर येऊ ना?"

"शिफ्ट... हं." क्रेगने चेहऱ्यावर दुखवट्याला जातात तसला भाव आणला. "लोर्ना, तू कशातून आली आहेस, याची आम्हाला जाणीव आहे."

"कुवेतमधून आलेय."

"तेच ते. तिथलं ते सगळं बघितलेलं, सोसलेलं..."

"क्रेग, मी तिथे पाणी गाळत होते."

"बोलावंसं वाटलं तर बोल. नाही वाटलं तर नको बोलू. मन मोठं विचित्र असतं बघ. आणि त्या मशीनचा आवाज धाडधाड. तुला एकदम काही आठवलं, बिथरायला झालं, तर? बावीस माणसांचा प्रश्न आहे."

"मला आठवलं तर एवढंच आठवेल, की खळ पातळ झालीय."

क्रेग मोठ्याने हसला, आणि मग हळूच बातमी फोडली. तिच्या जागेवर ल्यूक बेन्झ होता. ल्यूक हा क्रेगच्या बोलिंगच्या संघातला. आधी माल रवाना करायच्या खात्यात होता. पुठ्ठ्याशी त्याचा संबंध खोकी ट्रकात चढवण्यापुरता. "कंपनीत जरा फेररचना झाली," क्रेग म्हणाला. "पण तुझ्यासाठी मी खास पद निर्माण केलंय. 'विशेष उपक्रम समन्वयक'! पगार तोच. ताण शून्य."

विशेष उपक्रम म्हणजे ती सजावटीची खोली. समन्वय कुणाशी करायचा, तर मुंडकं उडालेल्या सांताक्लॉजांशी. हाताखाली माणूस नाही, टेबलावर फोन नाही. पहिल्या दिवशी क्रेगने खोलीच्या दारावर छोटा झेंडा लावून दिला.

लोर्ना कर्मचारी विभागात गेली. तिथे कॅरिस नावाची बाई बसायची, जिला कुठलाही प्रश्न विचारला की ती आधी मान तिरकी करून "अगंबाई" म्हणायची.

"अगंबाई, पण पगार तोच आहे ना?"

"पगार तोच आहे. काम नाहीये."

"काम नाही आणि पगार आहे, यात तक्रार कसली? माझ्या बहिणीला सांग, ती हसेल."

"तुझ्या बहिणीला द्या मग ही जागा. मला माझी द्या."

कॅरिसने मान दुसऱ्या बाजूला तिरकी केली आणि संगणकात बघायला लागली.

सगळ्यात बोचलं ते बाकीच्यांचं वागणं. शुक्रवारी संध्याकाळी गावातल्या क्लबात सगळे तळलेले मासे खायला जमायचे. ड्वेन स्कॅलिट्स्की हा तिच्या शिफ्टमधला सगळ्यात जुना माणूस, रिळं चढवायचा. त्याने तिच्यासाठी बिअर आणली, पाठीवर थाप मारली आणि म्हणाला, "देशासाठी केलंस त्याबद्दल आभार हं, लोर्ना."

"आभार राहू दे. ल्यूक कसा चालवतोय मशीन?"

ड्वेनने माशाचा मोठा घास तोंडात कोंबला. "चालवतोय."

"आठवड्यात किती वेळा बंद पडतं?"

"मोजलं नाही."

"तू मोजलं नाहीस? तू तर माझं बाथरूमला जाणं मोजायचास."

"हे बघ, लोर्ना," ड्वेन आवाज खाली आणून म्हणाला. "तुझं बरं चाललंय. बसून पगार. क्रेगला कशाला डिवचतेस? आमची पोरंबाळं आहेत. शिवाय लोक म्हणतात, तिकडून आलेल्यांना जरा... राग लवकर येतो म्हणे."

"मला कुवेतला जायच्या आधीपण राग लवकर यायचा. विसरलास का?"

ती उठली. बिअर तशीच राहिली, ती ड्वेनने प्यायली. आभार मानायला माणसं पैशाला पासरी होती. पेट्रोल पंपावर आभार, किराणा दुकानात आभार, चर्चच्या पायरीवर आभार. "हिला हिची जागा द्या" असं क्रेगला सांगायला मात्र त्या बावीस शूरवीरांमधल्या एकाच्याही घशातून आवाज निघत नव्हता.

ऑर्व्हिल तेव्हा पासष्टीचे. ऐकायला कमी यायचं, पण मतलबाचं बरोबर ऐकायचे. रविवारी जेवताना त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि बटाट्याला काटा टोचला.

"मी एकोणसत्तरला व्हिएतनामहून आलो, तेव्हा आमच्या फोरमनने हेच केलं होतं. म्हणाला, तुम्हा लोकांचं डोकं ठिकाणावर नसतं, तू आवारात झाडू मार."

"मग काय केलंत बाबा?"

"आमच्या युनियनचा एक म्हातारा होता. त्याने फोरमनच्या टेबलावर कायद्याचं चोपडं आपटलं. म्हणाला, लढाईवर गेलेल्याची जागा राखायची, नुसता पगार नाही. सोमवारी मी परत मशीनवर." ऑर्व्हिलनी बटाटा खाल्ला. "मला तेव्हा एका माणसाने आभार म्हटलं नाही बघ. बसमध्ये शेजारी बसायचे नाहीत. पण मशीन परत दिलं. तुझे सगळे आभार मानतात आणि मशीन देत नाहीत. मला माझंच बरं वाटतं."

"तो कायदा अजून आहे?"

"गार्डमध्ये तुझी वीस वर्षं गेली, पोरी! भिंतीवरचं कधी वाचलंस तरी का?"

वाचलं नव्हतं. या कायद्याची सूचना प्रत्येक कारखान्यात दिसेल अशी लावणं सक्तीचं असतं. बर्डॉक कार्टननेही लावली होती. सोमवारी लोर्नाने शोधली, तर ती जेवणाच्या खोलीत, थंड पेयांच्या मशीनच्या मागे. तिने ते मशीन खांद्याने रेटून हातभर सरकवलं आणि भिंतीला गाल लावून पहिल्यांदा अख्खी सूचना वाचली. ड्वेन आणि आणखी तिघे डबे उघडे ठेवून बघत राहिले. कुणीही 'हात लावू का' म्हटलं नाही.

सूचना साधी होती. लष्करी सेवेवर गेलेल्याला परतल्यावर जागा द्यायची, आणि ती कुठली? तो गेलाच नसता तर आज ज्या जागेवर असता, ती. नुसता पगार नव्हे, तर दर्जा, ज्येष्ठता, सगळं. तो सैनिक आहे, होता किंवा पुढे जाणार आहे, या कारणाने त्याला कामावरून काढायचं नाही, मागे सारायचं नाही. तक्रार केली म्हणून छळायचं नाही. खाली दूरध्वनी क्रमांक होता. लोर्नाने तो तळहातावर लिहून घेतला.

अशा भांडणात आधी समेट करून बघायला सरकारने काही स्वयंसेवक नेमलेले असतात. तिच्या वाट्याला आले ते डॉक्टर पशेक, निवृत्त दंतवैद्य, एके काळी नौदलात होते. पगार नाही, मान नाही. मालकाला फोन करून कायदा समजावून सांगायचा, एवढंच हातात. त्यांनी क्रेगला फोन केला आणि मग लोर्नाला केला.

"गोड माणूस आहे," डॉक्टर म्हणाले. "चाळीस मिनिटं बोलला. त्यातली तीस देशभक्तीवर."

"आणि जागेचं?"

"म्हणतो, जवानांशी याचा काडीचा संबंध नाही. धंद्याच्या सोयीसाठी फेररचना केली. लोर्ना इथे हजर असती, तरी तिची जागा बदललीच असती. हीच त्यांची पळवाट आहे हो. ते खरं ठरलं, तर कायदा तुम्हाला फार मदत करणार नाही. खोटं आहे हे दाखवावं लागेल."

"खोटंच आहे."

"ते मलाही कळतं. चाळीस वर्षं लोकांनी माझ्या खुर्चीत बसून 'रोज दोनदा दात घासतो' म्हणून सांगितलंय. पण कागद लागतो."

कागद कुठून आणायचा? क्रेग असल्या गोष्टी कागदावर ठेवणारा वाटत नव्हता. लोर्ना सजावटीच्या खोलीत बसून आठवडाभर विचार करत राहिली. आणि मग तो कागद क्रेगने स्वतःच्या पायाने चालत आणून दिला. बढाईखोर माणसाला शत्रू लागत नाही तो असा.

झालं काय, की गावच्या व्यापारी मंडळाने त्या वर्षी माजी सैनिक दिनाच्या न्याहारीला 'जवानांचा मित्र' म्हणून एका मालकाला लाकडी ढाल द्यायचं ठरवलं होतं. नाव सुचवायचं ते कंपनीतल्या सैनिकानेच. क्रेगचा जीव त्या ढालीत अडकला. शिवाय डॉक्टर पशेकांच्या फोननंतर त्याच्या सुपीक डोक्यात आणखी एक कल्पना निघाली: लोर्नाने एकदा का स्तुतीच्या कागदावर सही केली, की तक्रारीची हवाच गेली. वकिलाला विचारायची त्याला गरज वाटली नाही. शहाण्याला कोण विचारणार?

ऑक्टोबरात एका दुपारी तो सजावटीच्या खोलीत आला. दार लावलं आणि सांताक्लॉजांच्या खोक्यावर बसला.

"लोर्ना, आपल्यात जरा गैरसमज झालाय. चालायचंच. घरातली भांडणं घरात मिटवावीत." त्याने ढालीसाठी नाव सुचवायचा फॉर्म पुढे केला. "तुला त्रास नको म्हणून मी सगळं भरून आणलंय. रविवारची अख्खी दुपार घातली. तू फक्त सही कर."

लोर्नाने वाचायला सुरुवात केली. तिच्या भागात तिच्याच तोंडी लिहिलं होतं, की क्रेग डिट्मर हे माझ्या वाळवंटातल्या दिवसांत हिरवळीसारखे होते. दुसऱ्या पानावर मालकाने भरायचा भाग होता: 'सैनिक कर्मचाऱ्यासाठी आपण काय केले?' तिथे क्रेगने मनापासून लेखणी चालवली होती.

'लोर्नाला लष्करी कामासाठी वारंवार जावे लागते. दिवसाची शिफ्ट तिच्या येण्याजाण्यावर अवलंबून राहू नये, म्हणून ती परदेशात असतानाच मी दूरदृष्टीने तिची जागा दुसऱ्याला कायमची दिली. ती इथे असती तर हा बदल करण्याची वेळच आली नसती, कारण ती उत्तम सुपरवायझर होती. आता तिला बिनजबाबदारीचे हलके काम दिले आहे. ती कितीही वेळा देशसेवेला गेली तरी कंपनीचे काही अडत नाही, आणि तिलाही अपराधी वाटत नाही.'

लोर्नाने ते दोनदा वाचलं. मग चेहरा जमेल तेवढा साधा ठेवून विचारलं, "हे तुम्ही स्वतः लिहिलंत?"

"अक्षर न् अक्षर. कॅरिसला दाखवलं, तिच्या डोळ्यांत पाणी आलं."

"छान उतरलंय. पण या भागाखाली तुमची सही राहिलीय."

"अरे हो!" क्रेगने खिशातून पेन काढलं आणि ऐटीत सही ठोकली. तारीखही घातली.

"मी जरा घरी नेऊन वाचते. बाबांनाही दाखवते."

"अवश्य दाखव. जुना सैनिक माणूस, त्यांना आनंद होईल."

त्यांना झाला. ऑर्व्हिलनी चष्मा लावून तो कागद वाचला आणि इतके हसले, की ठसका लागून लोर्नाला पाठ चोळावी लागली. "माझ्या फोरमनला निदान लिहिता येत नव्हतं," ते म्हणाले.

लोर्नाने आपल्या भागावर सही केली नाही. कागदाच्या प्रती काढल्या आणि केंद्राच्या कामगार खात्याकडे तक्रारीसोबत पाठवल्या. ढाल त्या वर्षी गावातल्या मोटारदुरुस्तीवाल्याला मिळाली. न्याहारीला क्रेग पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होता, आणि 'फॉर्म पोचला नाही वाटतं' असं लोर्नाला खुणेने विचारत होता. तिने मान हलवून सांगितलं, की पोचलाय.

पोचलाय म्हणजे कुठे, ते त्याला डिसेंबरात कळलं. खात्याचा तपासनीस आला. मितभाषी, लोकरीची टोपी घातलेला माणूस. कंपनीने मिलवॉकीहून वकीलबाई आणली. बैठकीत वकीलबाईंनी सुरुवात झोकात केली: धंद्याची गरज, फेररचना, लष्करी सेवेशी संबंध शून्य, व्हरहेगनबाई इथे असत्या तरी हेच घडलं असतं. त्यांचं झाल्यावर तपासनीसाने एक पान टेबलावरून सरकवलं. वकीलबाईंनी ते वाचलं, चष्मा काढून पुसला, पुन्हा वाचलं. मग क्रेगकडे असं बघितलं, जसं कुत्र्याने गालिच्यावर केलेल्या घाणीकडे बघावं.

"ही तुमची सही आहे?"

"हो, पण ते... ते कौतुक म्हणून लिहिलंय," क्रेग म्हणाला. "तो तर चांगुलपणा होता!"

"आता तुम्ही बोलू नका," वकीलबाई म्हणाल्या. "मी सांगेपर्यंत काहीही बोलू नका. लिहू तर अजिबात नका."

बैठक तिथेच संपली. जानेवारीत कंपनीने लेखी मान्य केलं: लोर्ना व्हरहेगनला दिवसाच्या शिफ्टची सुपरवायझर म्हणून परत घ्यायचं, ज्येष्ठता अखंड धरायची, आणि मॅनेजरांना कायद्याचं शिक्षण द्यायचं. कोर्टात उभं राहायचं कंपनीच्या जिवावर आलं होतं, कारण ते पान न्यायाधीशासमोर मोठ्याने वाचलं गेलं असतं. क्रेगने तिला बोलावून ही बातमी स्वतः सांगितली. त्या दिवशी तो पहिल्यांदा तिला 'तुम्ही' म्हणाला.

"तुम्ही सोमवारपासून रुजू व्हा. गैरसमज झाला, एवढंच."

"गैरसमज कसला, क्रेग? तुम्ही फार स्पष्ट लिहिलं होतं."

वसंतात क्रेगची आयोवातल्या छोट्या गोदामावर बदली झाली. त्यालाही केक मिळाला. त्यावर काय काढलं होतं, ते लोर्नाने बघितलं नाही. ती मशीनवर होती.

जानेवारीतल्या त्या सोमवारी ती शिफ्टवर परत आली, तेव्हा ड्वेनने सगळ्यांत आधी टोपी काढली. "आम्ही मनातून तुझ्याच बाजूने होतो, लोर्ना. सगळेच."

"मनातून," लोर्ना म्हणाली. "ड्वेन, मी अकरा महिने माणसांना पाणी पाजलं. मनातून पाजलं असतं तर सगळी मेली असती. जा, रीळ चढव."

तो गेला. लोर्नाला वाटलं होतं, की जिंकल्यावर मनातली आग शांत होईल. झाली नाही. ज्यांच्यासोबत पंधरा वर्षं डबा खाल्ला त्यांची पाठमोरी डोकी बघताना तिला नव्याने राग आला, आणि मग स्वतःचाही, कारण त्याच दुपारी ड्वेनच्या बोटाला चिमटा बसला, तर तिनेच धावत जाऊन पट्टी बांधली.

एकट्या ल्यूक बेन्झने मात्र सफाई दिली नाही. तो मान खाली घालून तिच्या टेबलाशी उभा राहिला.

"मला हे मशीन झेपतच नव्हतं," तो म्हणाला. "आठवड्यातून चारदा बंद पडायचं. मी क्रेगला म्हटलं होतं, ती आली की तिची जागा तिला द्या. त्याने ऐकलं नाही आणि मीही पुन्हा म्हटलं नाही. पगार बरा होता."

लोर्नाने त्याच्याकडे नीट बघितलं. सहा महिन्यांत तिला भेटलेला हा पहिला माणूस, जो लाजेचं सोंग न आणता खरोखर लाजला होता.

"खळ कशी ओळखायची, येतं?"

"नाही."

"हात धू आणि इकडे ये."

तिने त्याला हाताखाली ठेवून घेतलं. फेब्रुवारीतल्या कवायतीच्या शनिवारी ती गणवेश घालून गार्डच्या इमारतीकडे निघाली, आणि शिफ्ट दोन दिवस ल्यूकच्या हातात होती. मशीन एकदाच बंद पडलं, ते वीज गेली म्हणून. गार्डमधून ती आणखी चार वर्षांनी निवृत्त झाली, सार्जंट फर्स्ट क्लासच्या हुद्द्यावर. कंपनीत अजून तीच शिफ्ट सांभाळते.

ती शिफ्टवर परतल्यानंतर महिन्याभराने कॅरिस कंपनीचं नवं धोरण घेऊन आली होती. 'आमच्या जवानांप्रती बांधिलकी', चाळीस पानं, मुखपृष्ठावर गरुड. प्रत्येक सुपरवायझरची वाचल्याची सही हवी होती.

"शेवटच्या पानावर कर," कॅरिस म्हणाली. "अगंबाई, वाचत नाही गं कोणी."

लोर्नाने पहिलं पान उघडलं, लाल पेन हातात घेतलं आणि पायाने शेजारची खुर्ची तिच्याकडे ढकलली.

"बस," ती म्हणाली. "मला वेळ लागेल."